सरळ केलेली खुरपी

इंदूरला राजेंद्र नगरच्या घरात राहायला आले तेव्हा तीनपैकी दोन बॅगा मी उघडल्याच नाहीत. राऊच्या बाजूला एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या मुलांना शिकवायची नोकरी होती, करार एका वर्षाचा. नवरा आणि दहावीतली मुलगी नाशिकला. नाशिकच्याच एका कॉलेजात माझी मुलाखत झाली होती आणि तिथून आज ना उद्या फोन येईल या भरवशावर मी इंदूरला दिवस ढकलत होते.

चार-साडेचारला कॉलेजातून घरी यायचे, चहा घ्यायचे आणि मग काय करायचं ते कळायचं नाही. वाचायला घेतलं की दुसऱ्या पानावर फोन हातात. मुलीला फोन करावा तर ती क्लासला गेलेली. मग खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत फेऱ्या.

खाली घरमालकीणबाई एकट्याच राहत. सत्तरी ओलांडलेल्या, काटक. त्यांचे पूर्वज संस्थानाच्या फौजेत चाकरीला म्हणून इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. बाईंचं मराठी घरातलं, पण हिंदीत चांगलं मुरलेलं. मी त्यांना काकू म्हणायचे. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांनी जिन्यातून हाक मारली.

“अगं, तू वर किती चालतेस. माझा पंखा हलतो खाली. एवढं चालायचंच आहे तर मागे बगीच्यात चल ना.”

घरामागे कुंपणापर्यंत काळ्या मातीचे दहा-बारा वाफे होते. मेथी, पालक, वांगी, ज्यांना काकू भटे म्हणत, आणि भिंतीवर चढवलेला गिलकीचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल. कडेचे दोन वाफे रिकामे होते. ते त्यांनी मला दिले.

“औजार मात्र तुझे तू आण,” त्या म्हणाल्या. “माझे तुझ्या हाताला येणार नाहीत.”

मला ते लागलं. मी शहरात वाढलेली, मला काय जमणार, असं त्यांना म्हणायचंय असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी सियागंजच्या बाजारात निघाले तर त्यांनी फाटकाशी थांबवून सांगितलं, “जरा टाइम घेऊन बघ. खुरपी हातात धरून दुकानातच खाली बैठ. लाज नको करू. उभ्याने नाही समझत ते.”

मी कुठली बसते. गर्दी होती, हातगाड्या अंगावर येत होत्या, आणि मला तिथून लवकर सुटायचं होतं. दुकानदाराने एक जड, काळपट खुरपी पुढे केली. पात्यावर हातोडीच्या खुणा दिसत होत्या, लाकडी मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं होतं. “मैडम, काली मिट्टी है तो ये ले जाओ. वो वाला तो गमले के लिए है.” वो वाला, कुंड्यांसाठीचा, म्हणजे मी उचललेला संच. हिरव्या प्लॅस्टिकच्या मुठी, चकचकीत पाती, खुरपी, पंजा आणि छोटं फावडं एका पिशवीत. मला तेच बरं वाटलं. हलकं होतं, आणि इंदूर सोडताना टाकून देता आलं असतं.

माळव्याची ती माती ओली असली की हाताला डिंकासारखी चिकटते आणि वाळली की दगड होते. दोन आठवड्यांत माझ्या खुरपीची मान वाकली. मी ती हाताने सरळ केली, ती पुन्हा वाकली. शेवटी मुठीतून पातंच निघून आलं. मुठीत ते जेमतेम बोटभर खोवलेलं होतं. काकू पलीकडच्या वाफ्यात पाठमोऱ्या बसून गवत काढत होत्या. त्यांनी वळून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागल्या.

दिवाळी झाल्यावर त्या आठ दिवस उज्जैनला लेकीकडे गेल्या. जाताना मागच्या छपरीची किल्ली माझ्याकडे दिली. “बस, पाणी दे. बाकी काही करू नको,” त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात नाशिकचा निर्णय कळणार होता. पहिल्या दिवशी मी पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी पाणी देऊन झालं तरी घरात जाववेना, म्हणून छपरी उघडली. आत भिंतीवर तीन खिळे होते आणि त्यांवर खुरपी, विळा आणि छोटी कुदळ टांगलेली होती. लोखंड काळं, तेलाचा हात दिलेलं. मुठी वापरून गुळगुळीत झालेल्या. खुरपीच्या मुठीवर एका जागी अंगठ्याएवढा खळगा पडला होता.

मी ती घेऊन माझ्या वाफ्यात बसले. दोन मिनिटांत मनगट दुखायला लागलं. पातं भलत्याच बाजूला वळलेलं. गवताच्या मुळाशी न जाता टोक मातीत रुतायचं. ते आडवं करायला हात पिरगाळावा लागायचा. विळा घेऊन पाहिला तर तो काडीवरून नुसता घसरत होता. मला वाटलं, वय झालंय या हत्यारांचं. बिचाऱ्या काकू एवढी वर्षं असल्या वाकड्या खुरपीने काम करतायत आणि कुणी त्यांना ती नीट करून देत नाही.

शनिवारी सुट्टी होती. फोन आलेला नव्हता. तिन्ही हत्यारं जुन्या टॉवेलात गुंडाळून मी पुन्हा सियागंज गाठलं. काकूंवर उपकार करायचे होते हे खरं, पण त्याहून खरं हे की तो शनिवार मला कसातरी घालवायचा होता.

गल्लीत एक धार लावणारा होता. विजेवरचा ग्राइंडर, शेजारी पोलादी पकड. त्याने खुरपी उलटीपालटी केली. “सीधा कर दूँ क्या?”

“हो, एकदम सीधा. और धार दोनों तरफ से,” मी म्हणाले.

त्याने पातं पकडीत आवळलं आणि न तापवताच हातोडीने ठोकून सरळ केलं. मग ग्राइंडरला लावलं. ठिणग्यांचा फवारा उडाला. कडेवर आधी वाळल्या गवतासारखा पिवळा रंग आला, मग तांबूस, मग टोकाशी जांभळट निळा. हे रंग मी वर्गात शिकवते. पोलाद किती तापलं म्हणजे कुठला रंग येतो आणि निळ्यावर गेलं की त्याचा कडकपणा कसा उतरतो, हा प्रश्न परीक्षेला हमखास असतो. मला तो निळा रंग दिसला आणि थांबवावं असं मनात आलंही. तेवढ्यात फोन वाजला. नाशिकचं ऑफिस होतं. मी आवाज ऐकू येईना म्हणून गल्लीच्या तोंडाशी गेले. निर्णय पुढे ढकललाय, आम्ही कळवू, एवढंच ते म्हणाले. परत आले तेव्हा तिन्ही हत्यारं आरशासारखी चमकत होती आणि मी पैसे देऊन निघाले.

रविवारी मी मुठी सॅंडपेपरने घासल्या. खळगा जाईपर्यंत घासल्या. वर दोन हात वॉर्निशचे दिले.

सोमवारी सकाळी काकू आल्या. चहासुद्धा न घेता थेट मागे गेल्या. मी जिन्यावर उभी होते. खरं सांगायचं तर कौतुक ऐकायला.

छपरीच्या दारात त्या जरा थबकल्या. खुरपी उचलली, मेथीच्या वाफ्याशी उकिडव्या बसल्या आणि एकदा ओढली. पातं मातीवरून सरकून गेलं. पुन्हा ओढली. खुरपी त्यांच्या डाव्या हातात होती. दोन महिने मी त्यांना चहा गाळताना, भाजी चिरताना, पेपरवर पेनाने शब्दकोडं सोडवताना पाहत होते. सगळं उजव्या हाताने. बगीच्यात त्या नेहमी माझ्याकडे पाठ करून बसायच्या, आणि ती तशीच सवय असेल असं मी समजत होते.

“काकू, तुम्ही डावखुऱ्या आहात?”

“बगीच्यात,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “कुणी केलं हे?”

“मी. धार लावून आणली. वाकलेली होती म्हणून सरळ करून घेतली.”

“हं. ठीक आहे. राहू दे.”

त्यांनी खुरपी खिळ्याला लावली आणि त्या घरात गेल्या.

पुढचे चार दिवस त्या मागे आल्या त्या फक्त नळीने पाणी द्यायला. मेथीत गवत दिसायला लागलं. मी कॉलेजात एकच आकृती दोन वेळा फळ्यावर काढली आणि मुलांनी सांगितल्यावर पुसली. घरी आल्यावर फेऱ्या मारायची सोय नव्हती, खाली आवाज जातो हे आता माहीत होतं. खाटेवर बसले की उठावंसं वाटायचं आणि उठलं की जायला जागा नव्हती.

पाचव्या दिवशी मी खाली गेले. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बाजारातून आणलेली मेथी निवडत होत्या. स्वतःच्या मागच्या अंगणात मेथी उभी असताना. मी समोर बसले आणि म्हटलं, “काकू, चुकलं माझं. मला विचारायला हवं होतं.”

त्या मेथी निवडत राहिल्या. मग बोलायला लागल्या. लहानपणी त्या सगळं डाव्या हाताने करायच्या. आत्याला ते चालायचं नाही. “परकराच्या नाडीला हात बांधून ठेवायची माझा. शाळेत मास्तर अलग मारायचे. मग झाली आदत. लग्न झालं, सासर तर एवढं मोठं, तिथे कोण डावा हात काढणार? पण मागे बगीच्यात कुणी बघत नसलं की खुरपी आपोआप इकडून तिकडे जायची.” त्यांनी मेथीची काडी उजव्या हातातून डाव्यात घेऊन दाखवली. “यांनी एक दिवस बघितलं. बोलले काही नाही. पुढच्या इतवारी सायकलवर बसवून राऊच्या पुढे एका लोहाराकडे घेऊन गेले. त्याने माझा हात बघून बनवली. विळा पण. चाळीस साल झाले असतील.”

“मी दुरुस्त करून आणते,” मी म्हटलं.

“तू आता काही आणू नको,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

तरी मी खुरपी गुपचूप कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये नेली. आमचे इन्स्ट्रक्टर धार शहराकडचे, वर्कशॉपात तीस वर्षं काढलेले. त्यांनी कडेवर कानस फिरवली. ती पत्र्यात जावी तशी आत गेली, पात्यात कडकपणा उरलाच नव्हता.

“इसका तो पानी उतर गया, मैडम. किसने किया?”

मी सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मी काय शिकवते ते त्यांना माहीत होतं.

“पानी तो मैं यहाँ चढ़ा दूँ,” ते म्हणाले, “पर मोड़ कितना देना है, ये मुझे क्या मालूम. जिनका हाथ है उनको साथ ले जाओ.” राऊच्या पुढे रस्त्याकडेला एक लोहाराचं कुटुंब बसतं, तो पत्ता त्यांनीच दिला.

काकूंना तयार करायला आणखी तीन दिवस गेले. रोज मी खाली जायचे, रोज त्या नाही म्हणायच्या. शनिवारी संध्याकाळी त्या म्हणाल्या, “बरं, चल. नाहीतर तू माझं डोकं खाशील.”

रविवारी सकाळी आम्ही रिक्षाने गेलो. ताडपत्रीच्या सावलीत भट्टी, जमिनीत पुरलेली ऐरण, आणि तिच्या दोन बाजूंना नवराबायको. त्याच्या हातात सांडशी, तिच्या हातात लांब दांड्याचा घण. लोहाराने खुरपी ऐरणीवर टिचकी मारल्यासारखी आपटली आणि आवाज ऐकला.

“बायाँ हाथ है न, अम्मा?”

काकूंनी मान हलवली.

“बैठ के दिखाओ, कैसे खींचती हो.” त्याने त्यांच्या हातात एक काडी दिली.

रस्त्यावरून ट्रक जात होते, शेजारच्या टपरीवर माणसं उभी होती. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. काडी आधी उजव्या हातात घेतली. मग लोहाराची बायको म्हणाली, “मेरी माँ भी बाएँ से ही करती थी,” आणि घणाला टेकून शांत उभी राहिली. काकू पदर खोचून खाली बसल्या, काडी डाव्या हातात घेतली आणि धुळीत ओढली. लोहाराने तीनदा करायला लावलं. मग खडूने पात्यावर एक तिरपी रेघ मारली.

खुरपी लाल झाली. बायकोचे दोन घाव, लोहाराची एक छोटी टिक, पुन्हा दोन घाव. वळण हळूहळू परत आलं. मग त्याने ती पाण्यात बुडवली, काढली, रंग बघितला, पुन्हा बुडवली. मी एवढ्या वर्षांत फळ्यावर काढलेल्या आकृतीतलं सगळं त्याने मिनिटभरात केलं.

कुदळीलाही त्याने तसंच तापवून पाणी दिलं. विळा मात्र त्याने उजेडात धरून पाहिला आणि बाजूला ठेवला. “इसमें लोहा ही नहीं बचा. मशीन खा गई.” नवा करावा लागणार होता, गाडीच्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पट्ट्यातून. जुना विळा काकूंनी पिशवीत परत ठेवला.

मी म्हटलं, माझ्यासाठीही एक खुरपी करा. तो म्हणाला, “बैठो.” मी बसले, काडी ओढली. त्याने दोन बोटांनी पात्याचं माप दाखवलं.

“मैडम, आप बहुत जल्दी-जल्दी खींचती हो. छोटा फल लो, नहीं तो कलाई जाएगी.”

काकू हसल्या. घरातून निघाल्यापासून पहिल्यांदा.

दोन-अडीच तास लागले. मी सारखी उठत होते. रस्त्यापर्यंत जायचे, परत यायचे. काकू भट्टीसमोर दगडावर बसून होत्या. मुठीसाठी लाकूड निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. बाभळीचे सात-आठ तुकडे होते. “हे बघ, रेषा लांब जायला पाहिजे, आडवी नाही. आडवी असली की तिथेच फाटते. आणि गाठ नको.” मी सुंदर नक्षी दिसणारा एक उचलला होता, तो त्यांनी काढून टाकला. मूठ जरा जाडच घे, म्हणाल्या, बारीक मूठ आवळून धरावी लागते आणि बोटं दुखतात. पातं मुठीत किती आत जातंय ते त्यांनी लोहाराकडून काडीने मोजून घेतलं, माझ्या खुरपीचंसुद्धा.

घरी येऊन त्यांनी लगेच मेथीच्या वाफ्यात खुरपी चालवून पाहिली. मी उभी राहिले.

“पहिल्यासारखी नाही,” त्या म्हणाल्या. “अंगठा कुठे ठेवायचा तेच समझत नाही.”

“तो मी घासून टाकला, काकू.”

“माहीत आहे.” त्या गवत काढत पुढे सरकल्या. पण यावेळी माझ्याकडे पाठ करून नाही, तोंड करून बसल्या होत्या.

त्यानंतर रोज संध्याकाळी त्या मला ओसरीवर बसवायला लागल्या. आधी बांबूच्या चिपेने माती खरवडायची. पाण्याखाली धरायचं नाही. कोरड्या फडक्याने पुसायचं, मग कानस. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना उचलून आणायची, आणि घासायचं ते एकाच बाजूने. काकूंच्या खुरपीला डावीकडून, माझ्या खुरपीला उजवीकडून. शेवटी सरसूच्या, म्हणजे मोहरीच्या, तेलाचं बोट, पात्याला आणि मुठीलाही. एवढंच काम. पण मी कानस पुढेमागे करवतीसारखी ओढायचे आणि स्वयंपाकघरातून आवाज यायचा, “गलत आवाज येतोय.” मग मी पहिल्यापासून सुरू करायचे. दहा वेळा नीट फिरवली तर अकराव्यांदा माझं लक्ष फोनकडे गेलेलं असायचं.

जानेवारीत नाशिकहून फोन आला तोही कानस हातात असताना. दुसऱ्या कुणाची तरी निवड झाली होती. मी फोन कट्ट्यावर ठेवला आणि घासायला लागले, जोर जास्त पडला, कानस सटकली आणि अंगठा कापला. काकू हळद घेऊन आल्या.

“काय म्हणाले?”

“नाही झालं.”

त्यांनी हळद दाबून धरली. “मुलगी?”

“दहावी होईपर्यंत तिथेच राहील. पुढे बघू.”

“सुट्टीत इकडे बोलाव तिला. मोठी झाली असेल ना, बगीच्यात हात लावेल.” मग अंगठ्याकडे बघत म्हणाल्या, “धार मात्र चांगली लागली आहे.”

त्या आठवड्यात मी नवऱ्याशी फोनवर दोनदा भांडले आणि दोनदा समजूत घातली. करार आणखी वर्षभर वाढवायचं पत्र कॉलेजने दिलं, ते तीन दिवस पर्समध्ये तसंच होतं. चौथ्या दिवशी सही केली.

फेब्रुवारीत काकूंना ताप आला. तीन आठवडे त्या अंथरुणात होत्या. उज्जैनची लेक दोन दिवस राहून गेली, बाकी मीच. सकाळी कॉलेजच्या आधी पाणी, संध्याकाळी गवत, पालक कापणं, मग दोघींच्या खुरप्या आणि नवा विळा पुसून तेल. वांग्याच्या ओळीत कोथिंबीर टाकायची राहिली होती, तीही मी पहिल्याच दिवशी पेरली. काकू खिडकीतून बघायच्या आणि आवाज निघत नसल्यामुळे हाताने खुणा करायच्या. त्यातल्या अर्ध्या मला कळायच्या नाहीत.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी त्या शाल गुंडाळून बाहेर आल्या. मी प्लॅस्टिकची खुर्ची वाफ्याशी नेऊन ठेवली. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि कोथिंबिरीवर थांबल्या.

“किती घट्ट पेरलीस गं. हे तर जंगल झालं.”

“विरळ करते.”

“आता नको. ऊन उतरू दे. बैठ जरा.”

मी बांधावर बसले. ऊन अजून भिंतीच्या वर होतं. काकूंनी डोळे मिटून मान मागे टाकली होती. पाच मिनिटं मी बसून पाहिलं. मग छपरीतून खुरपी आणली आणि आवाज होऊ न देता एका कडेने कोथिंबीर विरळ करायला लागले.

“मुळासकट काढ,” डोळे न उघडता काकू म्हणाल्या. “आणि फेकू नको. रात्री वरणात घालू.”